हरिण, मेकॅनो आणि द्राक्षांवरची भुरी

जंगलात चरणारं हरिण म्हणजे निव्वळ हरिण. पण नव्या जातीचं हरिण पकडून प्राणिसंग्रहालयात आणलं, त्याची नोंद झाली, अभ्यासक त्यावर लिहू लागले, की तेच हरिण दस्तऐवज! पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या सुझान ब्रिए यांनी १९५१ साली हे मांडलं. नदीतला गोटा दस्तऐवज नव्हे, संग्रहालयातला गोटा मात्र दस्तऐवज. माहितीशास्त्राला कागदाच्या बाहेर काढणारा इतका धीट विचार क्वचितच कुणी केला असेल.

त्याच्या कितीतरी आधी, १८९५ मध्ये, ब्रुसेल्सला पॉल ओटले आणि आंरी ला फोंतेन या दोन वकिलांनी जगातल्या झाडून साऱ्या ग्रंथांची आणि लेखांची सूची कार्डांवर करायला घेतली. कार्डं एक कोटीच्या वर गेली. टपालानं प्रश्न पाठवा, पैसे भरा, हव्या त्या कार्डांच्या नकला घरपोच! उत्तरं पन्नासाच्या पुढे जाण्याची शक्यता असेल, तर विचारणाऱ्याला आधीच सावध करत. यातल्या ला फोंतेन यांना १९१३ चं शांततेचं नोबेलही मिळालं.

आता आपले रंगनाथन. मद्रासला गणित शिकवणारे शि. रा. रंगनाथन १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि आठवडाभरातच कंटाळून ‘मला परत वर्गात घ्या’ म्हणू लागले. आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून तर या, असं त्यांना सांगण्यात आलं. तिथे सेल्फ्रिजेसच्या दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला : मोजकेच तुकडे, पण जोडाल तसं खेळणं. विषयही असेच जोडता येतील की! समजा, ‘१९९० च्या दशकात नाशिकच्या द्राक्षांवर पडलेली भुरी’ असा विषय आहे. त्यासाठी तयार कप्पा शोधत बसायचं नाही. पीक, रोग, स्थळ, काळ असे तुकडे पाडायचे आणि चिन्हांनी जोडायचे. त्यातून १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण आलं. त्याआधी, १९३१ मध्ये, त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं दिली होती. मला त्यातलं चौथं सर्वांत मोलाचं वाटतं : वाचकाचा वेळ वाचवा. अख्खा व्यवसाय या एका सूत्रावर उभा राहू शकतो.

या व्यवसायाचं शिक्षण भारतात त्याआधीच सुरू झालं होतं, तेही नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या राजामुळे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि पुढच्याच वर्षी ग्रंथपालांचा वर्ग भरला.

लंडनच्या विज्ञान संग्रहालयातल्या ग्रंथालयात सॅम्युएल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ मध्ये उपयोजित भूभौतिकीचे लेख मोजले. पहिल्या ९ नियतकालिकांत ४२९ लेख. पुढचे ४९९ मिळवायला ५९ नियतकालिकं लागली आणि उरलेल्या ४०४ लेखांसाठी तब्बल २५८! कुठली नियतकालिकं घ्यायची, हे ठरवताना ग्रंथपालांना हा हिशेब फार उपयोगी पडला.

आणि शोधयंत्रं? केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये दाखवलं, की जो शब्द थोड्याच मजकुरांत येतो, त्याचं वजन जास्त धरावं. ‘आणि’ सगळीकडेच असतो, त्यानं काही सापडत नाही. ‘भुरी’ मात्र थेट द्राक्षबागेत नेऊन सोडते. संगणकावरच्या शोधात हे गणित आजही वापरात आहे.