डोळ्याच्या पडद्यामागचा थर

आपल्या रत्नागिरीत जांभ्याचा थर किती जाड आहे हे पाहायचे तर विहिरीत किंवा चिरेखाणीत डोकावावे. पण डोळ्याच्या आतला थर मोजायचा असेल तर? तेथे खणून चालणार नाही!

डोळ्यात मागच्या बाजूला दृष्टिपटल असते, हे तुम्ही शिकला आहात. त्याच्या मागे रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेले रंजितपटल असते. डॉक्टर त्याला ‘कोरॉइड’ म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण पाव मिलिमीटर किंवा थोडी अधिक. दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशींना प्राणवायू पुरवण्याचे काम मुख्यतः त्याचेच.

ही जाडी मोजतात प्रकाशाच्या व्यतिकरणाने. मायकेलसनच्या उपकरणात एका किरणाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणतात. अनेक तरंगलांबींचा मिश्र प्रकाश वापरला, तर दोन्ही मार्ग जवळजवळ सारखे असतानाच पट्टे दिसतात. मग एक भाग आरशाकडे आणि दुसरा डोळ्यात पाठवला, की प्रकाश किती खोलीवरून परतला हे काही मायक्रोमीटरपर्यंत कळते. याच तत्त्वावर १९९१ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओसीटी’ ही तपासणी मांडली. २००८ मध्ये रिचर्ड स्पेड व सहकाऱ्यांनी ते उपकरण डोळ्याच्या आणखी जवळ आणून रंजितपटलाचे स्पष्ट चित्र मिळवले.

आता एक कोडे पाहा. दृष्टिपटलातील रक्त मध्यवर्ती नीलेतून बाहेर जाते. ती तुंबली, तर पाट तुंबल्यावर कडेची जमीन भिजावी तसे दृष्टिपटल सुजते आणि नजर मंदावते. रंजितपटलाचे रक्त मात्र निराळ्या नीलांतून जाते. त्याला सूज येण्याचे कारण काय? तरीही २०१३ मध्ये जपानी डॉक्टरांना अशा रुग्णांत तेही जाड झालेले आढळले!

पण जाड म्हणजे कशाहून जाड? ही जाडी वयाप्रमाणे घटते, निकटदृष्टीच्या लांबट डोळ्यात कमी असते, दिवसभरातही थोडी बदलते. म्हणून तुलना केली ती त्याच रुग्णाच्या दुसऱ्या डोळ्याशी. वय तेच, रक्तदाबही तोच! याहून चांगली तुलना कोणती?

प्राणवायू कमी पडलेले दृष्टिपटल ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन सोडते. त्यामुळे रक्तवाहिन्या पाझरू लागतात. हे प्रथिन मागच्या थरापर्यंत पोचत असावे, असा तर्क आहे. त्याला निष्प्रभ करणारे औषध डोळ्यात टोचल्यावर रंजितपटलाची जाडीही उतरली. यामुळे तर्काला बळ मिळते.

हा आजार बहुधा एकाच डोळ्याला होतो आणि दुखत नाही. दुसरा डोळा काम भागवतो, म्हणून तो चटकन लक्षातही येत नाही. आज घरी आजी-आजोबांना एकेक डोळा झाकून भिंतीवरची दिनदर्शिका वाचायला सांगा. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले असेल, तर त्यांना विलंब न लावता नेत्रतज्ज्ञांकडे न्या. रक्तदाबही तपासून घ्या; तो वाढलेला असला की नीला तुंबण्याचा धोका वाढतो.