गोड्या पाण्याचा बांध

चेन्नईच्या उत्तरेस एन्नोर येथे कोसस्थलैयार नदी खाडीवाटे बंगालच्या उपसागरास मिळते. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत ती दुथडी भरून वाहते; उन्हाळ्यात मात्र पात्रात बहुतेक वाळूच दिसते. समुद्रास मिळालेले पाणी वाया गेले, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी आहे, हे या नदीच्या खोऱ्यात चांगले पाहावयास मिळते.

नदीच्या खालच्या भागात, मिंजूरच्या परिसरात, गाळाचे व वाळूचे जाड थर आहेत. वाळूच्या कणांमधील पोकळ्यांत पावसाचे व नदीचे पाणी मुरून साठते. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे ते भूगर्भात त्याच्यावर तरंगत राहते. गेल्या शतकाच्या आरंभापर्यंत गायबेन या डच व हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने याचे गणित स्वतंत्रपणे मांडले होते. भूजलाची पातळी समुद्रसपाटीहून 1 मीटर उंच असेल, तर समुद्रसपाटीखाली सुमारे 40 मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी टिकून राहते. चिकणमातीच्या थरांमुळे हे प्रमाण ठिकठिकाणी बदलते. परंतु तत्त्व तेच राहते. पातळी थोडी उतरली, तरी खाऱ्या पाण्यास पुष्कळ वाव मिळतो. किनाऱ्यावरील गोडे पाणी हा समुद्रास थोपवून धरणारा अदृश्य बांधच होय.

मिंजूर येथे हा बांध खचला. नदीच्या वरच्या अंगास पूंडी येथे 1944 साली शहराच्या पाण्यासाठी जलाशय बांधण्यात आला. 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून खालच्या भागातील भूजलही शहरासाठी व मणलीच्या कारखान्यांसाठी उपसले जाऊ लागले. शेतीचा उपसा चालूच होता. त्यात नदीतील वाळूही काढली गेली. समुद्राचे पाणी भूगर्भातून कित्येक किलोमीटर आत शिरले. विहिरी प्रथम मचूळ व पुढे खारट झाल्या, आणि भाताची खाचरे पडीक राहू लागली. एकदा खारावलेला थर पुन्हा गोडा होण्यास अनेक वर्षे लागतात.

शहराची तहान मात्र वाढतच राहिली. 1976 च्या करारान्वये महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या पाण्यातील आपापल्या वाट्यातून प्रत्येकी 5 अब्ज घनफूट पाणी मद्रासला देण्याचे मान्य केले. महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या या नदीचे पाणी 1996 साली कालव्याने पूंडीस पोहोचले. मिंजूरजवळ 2010 साली समुद्राचे पाणी गोडे करणारा, दररोज 10 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्पही उभा राहिला. जेथील विहिरी समुद्राने खारवल्या, तेथेच समुद्रापासून गोडे पाणी काढण्याची वेळ यावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवणारा कायदा चेन्नई महानगर क्षेत्रासाठी 1987 साली करण्यात आला. कोसस्थलैयार व शेजारच्या आरणियार नदीवर बंधारे बांधण्यात आले आहेत. बंधाऱ्यामागे थांबलेले पाणी वाळूत मुरते व जवळच्या विहिरींची पातळी वाढविते. परंतु नदीचे मुख दुर्लक्षून हे काम पुरे होणार नाही. एन्नोरच्या खाडीत औष्णिक वीजकेंद्रांची राख साचली आहे. भराव घालून खाडीकाठची दलदल कमी करण्यात आली आहे. डिसेंबर 2023 मधील मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात खाडीत तेल पसरले आणि मच्छीमारांच्या होड्या व जाळी तेलाने माखली. पुराचे पाणी समुद्रास पोहोचविणारी वाट आणि मासे व कोळंबीची वाढ होण्याची जागा ही एकच खाडी आहे.

जलाशय, वाळू, विहीर, शेत व खाडी यांचा हिशेब अशा रीतीने एकाच वहीत मांडावा लागतो. पावसाळ्यात जेवढे मुरेल त्याच्या मर्यादेतच उपसा करणे व नदीचे काही पाणी मुखापर्यंत पोहोचू देणे, ही उधळपट्टी नव्हे; समुद्रास त्याच्या मर्यादेत ठेवण्याचे ते मोल आहे.