द्रव्याचे नाव आणि द्रव्याची ओळख : वनस्पतींच्या शास्त्रीय नामकरणाविषयी

रानात गुरे राखणारे लोक औषधींना नावाने व रूपाने ओळखतात, परंतु तेवढ्याने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पहिल्याच अध्यायात म्हटले आहे. आज आपली स्थिती नेमकी उलट आहे. द्रव्याचे रस, वीर्य, विपाक आपणांस मुखोद्गत असतात. पण गोणीतून आलेले द्रव्य तेच आहे काय, हे ठरवण्यास आपण व्यापाऱ्याच्या पावतीवर विसंबतो. ब्राह्मी या नावाखाली कोठे जलब्राह्मी, तर कोठे कारिवणा म्हणजे मंडूकपर्णी दिली जाते. महाराष्ट्रात दुसरीच अधिक. रास्ना म्हणून उत्तरेत प्लुचिया लान्सिओलाटा, दक्षिणेत कुलिंजन, तर बंगालमध्ये वांदा या आमराची मुळे वापरली जातात. ही तिन्ही परस्परांपासून फार दूरच्या कुलांतील आहेत.

आपल्या निघंटुकारांना या अडचणीची जाण नव्हती असे नाही. राजनिघंटुकार नरहरी पंडितांनी रूढी, प्रभाव, देश्योक्ती, लांछन, उपमा, वीर्य इत्यादी नामकरणाचे आधार सांगितले आहेत. गुळवेलीचीच नावे पाहावीत. अमृता हे प्रभावावरून, छिन्नरुहा हे तोडलेल्या कांडापासून पुन्हा रुजण्यावरून, चक्रलक्षणिका हे कांडाच्या आडव्या छेदात दिसणाऱ्या चक्रावरून. पर्यायांतून वनस्पतीचे वर्णन उभे करण्याची ही पद्धती आम्हांस आजही अनुपम वाटते. मात्र असे वर्णन जवळच्या भावंडजातींनाही लागू पडू शकते.

शास्त्रीय नावाचे काम वेगळे आहे. स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी 1753 साली ‘स्पेसीज प्लँटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वी वनस्पतीचे लॅटिन नाव म्हणजे लांबलचक वर्णनात्मक वाक्यच असे. त्यांनी प्रत्येक वनस्पतीस दोन पदांचे नाव दिले : पहिले पद प्रजातीचे, दुसरे त्या प्रजातीतील विशिष्ट जातीचे. हे नाव वर्णन करण्यास बांधलेले नाही. ते वनस्पतिसंग्रहात जतन केलेल्या एका प्ररूप नमुन्याशी जोडलेले असते आणि शंका आल्यास त्या नमुन्याकडेच जावे लागते.

‘मग ही नावे सारखी का बदलतात?’ असा तक्रारवजा प्रश्न वैद्यवर्गात नेहमी विचारला जातो. कारणे मुख्यतः दोन. पहिले, अग्रक्रमाचा नियम. गुग्गुळ आपण कॉमिफोरा मुकुल या नावाने शिकलो. परंतु ‘मुकुल’ हे पद 1849 मधील, तर त्याच वनस्पतीस आर्नोट यांनी दिलेले ‘वाइटी’ हे पद 1839 मधील. म्हणून आज कॉमिफोरा वाइटी हेच ग्राह्य. दुसरे कारण, आप्तसंबंधांविषयीचे मत बदलणे. अडुळशास लिनियस यांनी जस्टिशिया अधातोडा म्हटले. पुढे तो अधातोडा या स्वतंत्र प्रजातीत नेला गेला. पण वनस्पतींच्या नियमांत दोन्ही पदे एकच असणे चालत नाही. त्यामुळे अधातोडा झेलॅनिका व अधातोडा वासिका अशी नावे पडली, आणि आता बहुतेक अभ्यासक पुन्हा मूळ नावावर आले आहेत. तीन नावे, द्रव्य एकच. हे माहीत असले की लेबले पाहून गोंधळ होत नाही. कुल बदलल्याने मात्र नाव बदलत नाही. जनुकीय अभ्यासानंतर जलब्राह्मी इसबगोलाच्या कुलात गेली, तरी ती बॅकोपा मोनिएरीच आहे.

हा विषय केवळ पांडित्याचा नाही. 2021 मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांत यकृतास इजा आढळल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया सुरक्षित असल्याचे सांगून, तिच्यासारख्या दिसणाऱ्या टिनोस्पोरा क्रिस्पाबाबत सावध केले. हा वाद केवळ ओळखीपुरता आहे असे आम्ही म्हणणार नाही. योग्य जातीच्या सेवनानंतरच्या तक्रारीही तितक्याच गांभीर्याने तपासल्या पाहिजेत. परंतु कोणती वेल दिली हेच ठाऊक नसेल, तर तपासायचे काय? क्रिस्पाच्या कांडावर ठळक गाठी असतात व फुलात तीन पाकळ्या असतात. कॉर्डिफोलियाच्या कांडावर तशा गाठी नसतात आणि पाकळ्या सहा असतात. तोडलेले कांड दोघींचेही रुजते, चक्रही दोघींत दिसते. चूर्ण झाल्यावर तर यांतील काहीच हाती राहत नाही. म्हणून फार्मसी-चालकांनी गुळवेल कांडाच्या रूपातच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लॅटिन नाव म्हणजे परकी वस्तू, असा समज मात्र सोडावा. व्हान र्‍हीड यांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत निघाला. त्यामागे केरळचे वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. लिनियस यांनी या ग्रंथाचा आधार घेतला. त्यातील मल्याळी नावे शास्त्रीय नावांत आजही टिकून आहेत. आपल्या बाजारात वावडिंग म्हणून येणाऱ्या एका फळाचे नाव एम्बेलिया चेरियम-कोट्टम आहे, ते त्यांपैकीच. वावडिंगाचे औषधिकोशातील नाव मात्र एम्बेलिया राइब्स. चेरियम-कोट्टमच्या फळावर उभ्या रेघा असतात. पुढचे पोते उघडल्यावर मूठभर दाणे भिंगाखाली अवश्य पाहावेत.