पैसे पूर्ण परत, पण दिरहममध्ये

‘पूर्ण रिफंड’ असा मेसेज येतो आणि खात्यात बाराशे-तेराशे रुपये कमीच पडतात. ही कुरकुर अष्टमीतल्या ओळखीच्यांकडून इतक्यांदा ऐकली, की शेवटी रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या एका दुकानात जाऊन बसलो.

फॉर्म भरणं, पीएनआर टाकणं, कंपनीचा होकार येणं ही कामं पटापट उरकतात. खरं काम पुढे, पैसे नेमके कुठे अडकलेत ते हुडकण्याचं. त्यासाठी एआरएन लागतो, म्हणजे त्या व्यवहाराचा 23 आकडी क्रमांक. काउंटरवरच्या ताई तो बँकेच्या माणसाला फोनवर चार-चार आकड्यांनी वाचून दाखवतात. पलीकडून “मॅडम, एक अंक कमी येतोय” असं आलं, की तेवीसच्या तेवीस पुन्हा पहिल्यापासून. आवाज चढत नाही. पेनाचं टोपण मात्र चावून चपटं झालेलं.

एक चाचा आले. नातवाला सुट्टीत बोलावलं होतं, येणं रद्द झालं. प्रवास दुबईहून सुरू होणार, म्हणून भाडं दिरहममध्ये. कार्ड मात्र चाचांचं, इथल्या बँकेचं.

“हजार दिरहम गेले, हजार आले ना? मग माझे पैसे खाल्ले कुणी?”

“बसा चाचा, दाखवते.”

ताईंनी पावतीच्या पाठीमागेच मांडलं. पैसे भरले त्या दिवशी दर समजा 24 रुपये, म्हणजे 24,000. त्यावर कार्डाचा साडेतीन टक्के मार्कअप 840, आणि मार्कअपवर 18 टक्के जीएसटी 151 रुपये 20 पैसे. परत येताना त्या दिवसाचा दर 23.70. आले 23,700. मार्कअप बहुतेकदा परत येत नाहीच. फरक 1,291 रुपये 20 पैसे. विमान कंपनी म्हणणार, आम्ही पूर्ण दिले. बँक म्हणणार, दर आमच्या हातात नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. फक्त शिव्या खायला काउंटरवर ताई असतात.

दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला 3.6725. हलतो तो आपला रुपया. 1944 साली ब्रेटन वूड्सला जगाने चलनांचे दर बांधून घेतले, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून. पुढे 1949 ते 1966 डॉलर 4 रुपये 76 पैशांवर होता. आणि दुबईत तर 1966पर्यंत रिझर्व्ह बँकेनेच काढलेला खास रुपया चालायचा. चाचांच्या वडिलांच्या पिढीला हा हिशेब करावाच लागला नसता.

रुपया घसरला की कधी उलटंही होतं, भरले त्याहून जास्त परत येतात. “तेव्हा कोणी विचारायला येत नाही,” ताई म्हणाल्या.

चाचांना दर पटला, मार्कअप पटला नाही. मलाही नाही. प्रवासच झाला नाही, तरी चलन बदलून दिल्याची मजुरी कापायची, आणि त्याला नाव ‘पूर्ण रिफंड’! ताई आता तिकीट काढतानाच त्या दिवसाचा दर पावतीवर लिहितात, खाली गिऱ्हाइकाची सही घेतात. तरी भांडायला येणारे येतातच.