तप्त विद्युत अग्र आणि खानदेशचा उन्हाळा

प्रमेहाच्या पूर्वरूपांत मूत्राकडे मुंग्या धावतात, असे चरकसंहितेच्या निदानस्थानात सांगितले आहे. आज तेच माधुर्य आपण ग्लुकोमीटरच्या पट्टीवर, एका रक्तबिंदूत मोजतो. पट्टीवरील एन्झाइमची ग्लुकोजशी अभिक्रिया होते, तीतील इलेक्ट्रॉन विद्युत अग्रापर्यंत, म्हणजेच इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात, आणि त्या सूक्ष्म प्रवाहावरून आकडा निघतो. या तत्त्वाचा पाया लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये घातला.

उष्णतेने ही अभिक्रिया वेग घेते. जर्मनीतील रोस्टॉक येथे पेटर ग्रुंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात याचाच उपयोग केला. सारा द्राव न तापवता त्यांनी विद्युतप्रवाहाने केवळ अग्राची बारीक तार तापवली. तिच्यालगतचा पातळ थर तेवढा तापतो. रेणू अग्राकडे त्वरेने येतात, संकेत बळावतो, उरलेला नमुना थंडच राहतो. पुढे डीएनए ओळखण्यासाठीही हे तंत्र वापरले गेले. तापमान नेमके राखले, तर पूर्ण जुळणारे धागे टिकतात आणि सदोष जोड्या सुटतात. येथे अग्नीची उपमा सुचणे स्वाभाविक आहे. आम्ही ती उपमेपुरतीच मानतो.

आपल्या चिकित्सालयातील पट्टीला मात्र अशी नियंत्रित उष्णता लाभत नाही. जळगाव, भुसावळ, धुळे येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवण्यास योग्य असतात. मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर राहिलेल्या डबीतील पट्टी खरे सांगेलच असे नाही. चूक वरच्या वा खालच्या, कोणत्याही दिशेने होते. उपकरण तापमानाची दुरुस्ती करते खरे, पण ते स्वतःचे तापमान पाहते, रक्तबिंदूचे नव्हे. म्हणून उन्हातून आणलेले उपकरण व पट्ट्या सावलीच्या खोलीत काही वेळ स्थिरावू द्याव्यात. डबीचे झाकण घट्ट असावे. पट्ट्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नयेत.

शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत आणखी एक अडचण आहे. पांडुरोगात रक्तकणांचे प्रमाण घटले की अनेक उपकरणे साखर प्रत्यक्षाहून अधिक दाखवतात. सिकलसेल असलेल्या रुग्णात तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीए१सी चाचणीही भरवशाची नसते. अशा रुग्णाचे औषध बदलण्यापूर्वी शिरेतील रक्त प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.