शेजारी प्रतिस्पर्धी, मध्ये कुंपण नाही

फेब्रुवारी-मार्चमधील एखाद्या शनिवारी दुपारी कार्डिफच्या रेल्वे स्थानकाबाहेर पडणाऱ्या परक्या माणसाला गावात जत्रा भरल्याचा भास होतो. डोक्यावर डॅफोडिलच्या फुलाच्या आकाराच्या टोप्या चढवलेले वेल्श, हिरव्या जर्सीतील आयरिश, वाहनांना बंद केलेले रस्ते आणि पबच्या दारांतून पदपथावर सांडलेली गर्दी. स्टेडियम शहराच्या अगदी मध्यभागी, स्थानकापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. सामना वेल्स आणि आयर्लंड या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा असतो. तरीही पबमधील एकाच टेबलाभोवती लाल आणि हिरवी जर्सी बसलेली दिसते, आणि तासाभराने तीच माणसे सुमारे ७४ हजार आसनांच्या त्या स्टेडियममध्ये एकाच रांगेत खांद्याला खांदा लावून सामना पाहतात. पाहुण्यांसाठी वेगळा कोपरा नाही, मध्ये पोलिसांची साखळी नाही.

गंमत अशी, की २००१ ते २००६ या काळात इंग्लंडमधील फुटबॉलच्या एफए चषकाचे अंतिम सामनेही याच स्टेडियममध्ये झाले. तेव्हा मात्र दोन्ही क्लबांच्या पाठीराख्यांना स्टेडियमच्या दोन वेगळ्या टोकांना बसवावे लागे. शहर तेच, खुर्च्या त्याच, पण खेळ बदलला की व्यवस्था बदलते. फुटबॉलमधील ही व्यवस्था उगाच आलेली नाही. १९८५ मध्ये ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्या सामन्यापूर्वी प्रेक्षकांची चाल, पळापळ आणि कोसळलेली भिंत यांत ३९ जणांचे प्राण गेले आणि इंग्लिश क्लबांना युरोपीय स्पर्धांतून पाच वर्षे बाहेर राहावे लागले. त्याच वर्षी झालेल्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये फुटबॉल सामना दिसेल अशा जागी बसून मद्यपान करण्यास बंदी आली. रग्बीला हा कायदा लागू नाही. रग्बीचा प्रेक्षक हातात बिअरचा ग्लास घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी बसतो, आणि सहसा काही घडत नाही.

का घडत नाही, या प्रश्नाला ब्रिटनमध्ये एक ठरावीक उत्तर मिळते. फुटबॉल हा सभ्यांचा खेळ दांडगे खेळतात, तर रग्बी हा दांडग्यांचा खेळ सभ्य लोक खेळतात, अशा अर्थाची म्हणच तेथे रूढ आहे. या म्हणीतील वर्गीय तोरा बाजूला ठेवला तरी तिच्याने प्रश्न सुटत नाही. इंग्लंडमध्ये १५ खेळाडूंची रग्बी युनियन महागड्या खासगी शाळांतून वाढली हे खरे. परंतु वेल्समध्ये ती कोळसा खाणींच्या खोऱ्यांत रुजली आणि आयर्लंडमधील लिमरिक शहरात ती गोदीतल्या कामगारांचीही होती. या दोन्ही ठिकाणचे पाठीराखे शेजाऱ्याशी वागण्यात कुणा इंग्लिश वकिलापेक्षा उणे नाहीत. सभ्यता जर केवळ शाळेच्या शुल्कातून येत असती, तर कार्डिफ आणि लिमरिकचा हिशेब लागला नसता.

खरे कारण स्पर्धेच्या रचनेत असावे, असे या प्रतिनिधीला वाटते. ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धेत इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड, फ्रान्स आणि (२००० पासून) इटली हे सहाच संघ आहेत. दोन संघांमध्ये दरवर्षी एकच सामना होतो आणि यजमानपद आलटून पालटून येते. म्हणजे यंदा एडिंबराला गेलेला वेल्श माणूस पुढच्या वर्षी कार्डिफमध्ये स्कॉटिश माणसाचा यजमान असतो. हे नाते काहीसे व्याह्या-व्याह्यांसारखे आहे. टोमणे असतात, मानापमान असतात, पण पुढच्या सणाला पुन्हा तोंड दाखवायचे असते. त्यात तिकिटांचा मोठा वाटा राष्ट्रीय संघटनांकडून गावोगावच्या क्लबांना जातो. त्यामुळे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस बहुधा कुठल्यातरी क्लबचा सभासद असतो आणि त्याने गोंधळ घातला तर ओशाळायला त्याचा क्लब असतो.

परमुलखातील सामन्याला जाणे हा या लोकांचा दोन वर्षांनी येणारा सणच आहे. वेल्श क्लबांमध्ये एडिंबराच्या दौऱ्यासाठी महिनोन् महिने भिशीसारखे पैसे साठवले जात असत. सामना एका दुपारचा, पण मुक्काम तीन-चार दिवसांचा, आणि तिकीट नसलेलेही निघत. १ मार्च १९७५ रोजी मरेफील्डवर स्कॉटलंड-वेल्स सामन्याला सुमारे एक लाख चार हजार प्रेक्षक आत शिरले आणि हजारो बाहेर राहिले. वेल्स १०-१२ असे हरले. या गर्दीनंतर मात्र तेथील आंतरराष्ट्रीय सामन्यांना पूर्वविक्रीच्या तिकिटाशिवाय प्रवेश बंद झाला.

पाहुणा येणे, इतकीच गोष्ट किती मोठी असू शकते, हे डब्लिनने १९७३ मध्ये पाहिले. आदल्या वर्षी ३० जानेवारी रोजी उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळीबार केला आणि पाठोपाठ संतप्त जमावाने डब्लिनमधील ब्रिटिश वकिलात जाळली. धमक्यांची पत्रे आल्यावर स्कॉटलंड आणि वेल्स यांनी डब्लिनला जाण्यास नकार दिला आणि १९७२ ची स्पर्धा अपुरी राहिली. १९७३ मध्ये पाळी इंग्लंडची होती. जमावाचा सर्वाधिक राग ज्या देशावर, त्याच देशाचा संघ. तो संघ आला. १० फेब्रुवारी रोजी पांढऱ्या जर्सीतील खेळाडू लॅन्सडाउन रोडच्या मैदानावर उतरले तेव्हा आयरिश प्रेक्षक उभे राहिले आणि सुमारे पाच मिनिटे टाळ्या थांबल्या नाहीत. सामना आयर्लंडने १८-९ असा जिंकला. रात्रीच्या भोजनप्रसंगी इंग्लंडचा कर्णधार जॉन पुलिन याने, आमचा खेळ भले चांगला नसेल, पण आम्ही निदान हजर तरी राहतो, अशा आशयाचे उद्गार काढून पुन्हा टाळ्या मिळवल्या.

त्याच शहरात २४ फेब्रुवारी २००७ रोजी याहून अवघड प्रसंग आला. लॅन्सडाउन रोडच्या पुनर्बांधणीमुळे आयर्लंड-इंग्लंड सामना क्रोक पार्कवर ठरला. हे मैदान गेलिक खेळांचे. २१ नोव्हेंबर १९२० रोजी ब्रिटिश दलांनी येथे भरलेल्या सामन्यात गोळीबार केला होता आणि त्यात १४ जण मृत्युमुखी पडले होते. परकीय मानल्या गेलेल्या खेळांना तेथे मज्जाव होता. तो नियम २००५ मध्ये शिथिल झाला. आता त्याच गवतावर ब्रिटिश राणीचे गीत वाजणार होते. हुर्यो उडेल का, याची चर्चा आयर्लंडमध्ये अनेक आठवडे चालली. प्रत्यक्षात गीत सुरू झाले आणि शांततेत संपले. त्यानंतर आयरिश गीत एवढ्या जोरात उठले की काही आयरिश खेळाडूंना रडू आवरले नाही. मग त्यांनी इंग्लंडचा ४३-१३ असा धुव्वा उडवला. पाहुण्यांच्या गीताचा मान राखणे आणि त्यांना मैदानावर लोळवणे यांत आयरिश प्रेक्षकांना काही विसंगती वाटली नाही.

शांततेचा हा संस्कार लिमरिकच्या थॉमंड पार्कवर अधिक काटेकोरपणे पाळला जातो. पाहुण्या संघाचा खेळाडू गोलखांबांकडे किक मारण्यासाठी चेंडू जमिनीवर ठेवतो त्या क्षणी सारे स्टेडियम गप्प होते. कुणी बोललाच तर आजूबाजूचे त्याला चूप करतात. हा सन्मान की मानसिक दडपण, हा प्रश्न किक मारणाऱ्यालाच विचारावा. गोंगाटात किक मारण्याची सवय असलेल्याला ही शांतता अंगावर येते, असे अनेकांनी सांगितले आहे. सगळीकडे मात्र हा रिवाज नाही. फ्रान्समधील मैदानांवर पाहुण्या किकरला शिट्ट्यांचा मारा सोसावा लागतो, आणि आयरिश पाठीराखे तेथून कुरकुर करत परततात.

आपल्या दृष्टीने या साऱ्यात एक अनपेक्षित धागा आहे, तो कोलकात्याचा. तेथील इंग्रजांनी १८७३ मध्ये काढलेला रग्बी क्लब काही वर्षांतच बंद पडला, तेव्हा खात्यात उरलेले २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडवण्यात आला. त्याच्या मुठी नागांच्या आकाराच्या आणि झाकणावर हत्ती. हा ‘कलकत्ता चषक’ १८७९ पासून इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यातील विजेत्याला दिला जातो. १९८८ मध्ये सामन्यानंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी मिळून हा चषक एडिंबराच्या रस्त्यावर चेंडूसारखा लाथाडला. चषकाला पोचे आले आणि दोघांनाही शिक्षा झाली. रग्बीतील मैत्रीचे गोडवे गाणाऱ्यांनी हाही दाखला लक्षात ठेवावा.

पण याच लढतीभोवती पुढे कटुताही साचली. २४ फेब्रुवारी २०१८ रोजी स्कॉटलंडने इंग्लंडला २५-१३ असे हरवले. दुसऱ्या दिवशी इंग्लंडचे प्रशिक्षक एडी जोन्स एडिंबराहून मँचेस्टरला रेल्वेने गेले, तेव्हा त्यांना शिवीगाळ व धक्काबुक्की सोसावी लागली. यापुढे सार्वजनिक वाहनाने प्रवास करणार नाही, असे त्यांनी जाहीर केले. दोन वर्षांनी, २०२० मध्ये, मरेफील्डवर इंग्लंडचा संघ बसमधून उतरत असताना त्यांच्या पथकातील एका सदस्याच्या डोक्यावर प्लास्टिकची बाटली येऊन आदळली. या घटना फुटबॉलच्या तुलनेत किरकोळ म्हणता येतील. मात्र कुंपण नसलेल्या व्यवस्थेत किरकोळ घटनाही फार काळ किरकोळ राहत नाही.

रग्बीतील राग बहुधा शेजाऱ्यावर निघत नाही, तो पंचावर निघतो. १० ऑगस्ट २००२ रोजी डर्बनमध्ये दक्षिण आफ्रिका-न्यूझीलंड सामना चालू असताना एका प्रेक्षकाने मैदानात धाव घेऊन आयरिश पंच डेव्हिड मॅकह्यू यांच्यावर झडप घातली. त्यांचा खांदा निखळला. २०१४ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅमवर पंच नायजेल ओवेन्स यांच्या समलैंगिकतेवरून काही प्रेक्षकांनी गलिच्छ शेरेबाजी केली. ही गोष्ट उघडकीस आली ती तेथे हजर असलेल्या दुसऱ्या प्रेक्षकाने वृत्तपत्राला लिहिलेल्या पत्रामुळे. चौकशीनंतर दोघांना दोन वर्षे मैदानबंदी झाली. शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला आवरायचे, हा या व्यवस्थेचा आधार तेव्हा उशिरा का होईना, उपयोगी पडला.

समाजमाध्यमांवर तो आधार नाही. तेथे शेजारची खुर्चीच नसते. पंच वेन बार्न्स यांना २००७ च्या विश्वचषकातील फ्रान्स-न्यूझीलंड सामन्यापासून हा अनुभव आला आणि २०२३ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना करून निवृत्त होतानाही आला. त्यांच्या कुटुंबालाही धमक्या मिळाल्या. त्याच सामन्यातील दूरचित्रण पंच टॉम फोली यांनी अशाच छळामुळे आंतरराष्ट्रीय सामन्यांतून अंग काढून घेतले. इंग्लंडचा कर्णधार ओवेन फॅरेल याचे नाव पुकारताच त्या स्पर्धेत हुर्यो उडत असे, आणि त्यात स्वतःला रग्बीचे सभ्य प्रेक्षक म्हणवणारेही होते. स्वतःच्या व कुटुंबाच्या मनःस्वास्थ्यासाठी २०२४ ची सिक्स नेशन्स खेळणार नसल्याचे त्याने नंतर कळवले.

दुसरी तक्रार बिअरची आहे. तिकिटे महागली, सामन्याला ‘दिवस साजरा करायला’ येणारा प्रेक्षक वाढला आणि क्लबच्या सभासदाचे प्रमाण तेवढे पातळ झाले. कार्डिफमध्ये दर दहा मिनिटांनी आख्खी रांग उभी करून बिअर आणायला जाणाऱ्यांविषयी इतकी कुरकुर झाली की २०१८ मध्ये काही हजार आसनांचा मद्यमुक्त विभाग सुरू करावा लागला. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी तर वेल्स-दक्षिण आफ्रिका सामन्यात ऐन वेल्सच्या चढाईच्या वेळी एक प्रेक्षक मैदानात घुसला आणि यजमानांचीच संधी हुकली. वेल्स तो सामना १८-२३ असे हरले.

आपल्याकडे पाहुण्या संघाचा पाठीराखा ही जातच दुर्मिळ. १९९९ मध्ये चेपॉकवर विजयी पाकिस्तानी संघाला उभे राहून टाळ्या देणारे चेन्नईकर आपल्या अभिमानाचा विषय आहेत. पण २०२४ मध्ये आयपीएलच्या सामन्यांत वानखेडेवर स्वतःच्याच संघाच्या कर्णधाराची, हार्दिक पांड्याची, हुर्यो उडवणारेही आपणच. मुंबईत रग्बी बॉम्बे जिमखान्यावर फार पूर्वीपासून खेळला जातो. जून २०२५ मध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगामही झाला. परंतु सर्व सामने एकाच मैदानावर असल्याने यजमान-पाहुणा हा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही.

शिक्षण वा नोकरीनिमित्त ब्रिटन-आयर्लंडमध्ये असलेल्या मराठी वाचकांनी हा अनुभव एकदा तरी घ्यावा. पाहुण्या संघाची जर्सी घालण्यास बिचकू नये. उलट तिच्यामुळे संभाषण सुरू होते. मुक्कामाची सोय काही महिने आधी करावी, कारण सामन्याच्या शनिवारी हॉटेलांचे दर चढलेले असतात. किक मारली जात असताना गप्प राहावे, खेळ थांबेपर्यंत जागेवरून उठू नये, आणि शेजाऱ्याने बिअर आणली तर पुढची आपण आणावी. न पिणाऱ्याला चहा चालतो. थंडीसाठी कपडे भरपूर असावेत. सामन्यानंतर कार्डिफच्या स्थानकाबाहेर तासभर तरी उघड्यावर उभे राहण्याची तयारी ठेवावी. तेथे रेल्वेचे कर्मचारी प्रवाशांच्या वेगवेगळ्या रांगा लावतात. फलकांवर संघांची नावे नसतात, स्वान्सी, लंडन अशी गाडी जाणार त्या दिशांची असतात, आणि लाल-हिरव्या जर्सी एकाच रांगेत पुढे सरकत राहतात.