राखणदाराच्या वहाणा

माणसासारखा दिसणारा, पण माणसाहून कितीतरी थोराड असा कोणीतरी वस्तीच्या कडेने रात्री-अपरात्री चालत असतो, ही कल्पना जगाच्या अनेक भागांत आढळते. मात्र तिच्याभोवती लोक एकत्र जमतात तेव्हा काय करतात, याचे उत्तर ठिकाणागणिक बदलते. कुठे त्याच्या पावलाचा ठसा मोजला जातो, कुठे त्याच्या नावाने मिरवणूक निघते, तर सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यातील आरवली गावात त्याच्या मापाच्या चामडी वहाणा करून त्याच्यापुढे ठेवल्या जातात. या आरवलीची आणि तिच्या आसपासच्या गावांची बरीच माणसे गेली कित्येक दशके गिरगाव, लालबाग, परळ आणि दादर येथे राहत आली असल्यामुळे, मुंबईकर वाचकाला हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

पावलाच्या ठशावरून उत्सव कसा उभा राहतो, हे पाहण्यासाठी आधी अमेरिकेकडे वळावे लागते. कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तरेकडील ब्लफ क्रीक या ओढ्याजवळ १९५८ मध्ये जंगलातून रस्ता काढण्याचे काम चालू असताना जेरी क्रू नावाच्या बुलडोझरचालकाला सुमारे १६ इंच लांबीची पावले उमटलेली दिसली. त्याने ठशाचा प्लास्टरचा साचा घेतला, स्थानिक वृत्तपत्राने त्याचे छायाचित्र छापले आणि ‘बिगफूट’ हे नाव देशभर पोहोचले. जवळच्या विलो क्रीक या लहानशा गावाने पुढे हे नाव आपलेसे केले. तेथे बिगफूटचा पुतळा आहे, संग्रहालयात त्याच्यासाठी स्वतंत्र दालन आहे आणि ‘बिगफूट डेझ’ नावाच्या वार्षिक उत्सवात मिरवणूक निघते. त्या रस्त्याचे कंत्राटदार रे वॉलेस २००२ मध्ये वारल्यानंतर त्यांच्या कुटुंबीयांनी लाकडात कोरलेली मोठी पावले पुढे आणली आणि ते ठसे याच पावलांनी उमटवले होते असे सांगितले. तरीही उत्सव बंद पडला नाही.

हिमालयातील यतीचीही कथा पुराव्याच्याच वाटेने गेली. एरिक शिप्टन यांनी १९५१ मध्ये बर्फातील ठशांचे छायाचित्र घेतल्यापासून यतीच्या शोधासाठी मोहिमा निघाल्या, मठांत जपून ठेवलेले केस आणि हाडे तपासली गेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात यतीचे म्हणून सांगितले जाणारे ९ नमुने तपासले असता त्यांपैकी ८ अस्वलांचे आणि १ कुत्र्याचा निघाला. ठसा हा पुरावा मानला की तो खोटा ठरण्याची शक्यताही आपोआपच स्वीकारावी लागते.

आरवलीचा वेतोबा या वाटेवर उभाच नाही. वेतोबा म्हणजे वेताळ, भूतगणांचा अधिपती. कोकणात आणि गोव्यात मात्र तो मुख्यतः क्षेत्रपाल, म्हणजे गावाच्या हद्दीचे रक्षण करणारा देव म्हणून पुजला जातो आणि स्थानिक बोलीत त्याला राखणदार म्हणतात. गोव्यात आमोणे, लोलये अशा गावांत त्याच्या भव्य पाषाणमूर्ती आहेत. आरवलीच्या देवळातील मूर्ती सुमारे ९ फूट उंच असून आज ती पंचधातूची आहे. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची असे. गावात देवी सातेरीचेही देऊळ आहे, आणि सातेरी ही वारुळाच्या रूपात पुजली जाणारी भूमिदेवता असल्यामुळे, भूमी देवीची आणि तिची राखण वेतोबाची, अशी मांडणी दक्षिण कोकणातील अनेक गावांप्रमाणे येथेही दिसते. या प्रदेशातील अशा समजुती एकत्र करण्याचे मोठे काम इंग्रजी अमदानीत झाले: नाशिकला १९०९ मध्ये मारले गेलेले जिल्हाधिकारी जॅक्सन यांनी गावोगावच्या शिक्षकांकडून मिळवलेली माहिती एन्थोवेन यांनी संकलित केली आणि ती १९१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

वेतोबा रात्री गावाच्या सीमेवर फिरतो, अशी श्रद्धा आहे, आणि जो चालतो त्याच्या पायताणाची झीज होणारच, हे तिच्यामागचे सरळ व्यवहारज्ञान आहे. म्हणून नवस फेडताना भक्त केळ्यांचा घड आणि चामड्याच्या वहाणांचा जोड अर्पण करतात. हा जोड शोभेचा नसतो. जाड तळ, रुंद पट्टे आणि अंगठा अशी नेहमीच्या कोकणी वहाणेचीच घडण त्याला असते, फक्त माप कोणत्याही माणसाच्या पायात न बसणारे असते. काही काळाने या वहाणांचे तळ झिजलेले दिसतात, असे भाविक सांगतात. येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी लागते. जे चामडे एरवी देवळाच्या पायरीशी काढून ठेवायचे, तेच या देवळात थेट देवासमोर मांडले जाते, आणि ज्या चर्मकार समाजाला हिंदू देवळांच्या व्यवस्थेने शतकानुशतके दूर ठेवले, त्याच्या हातचे काम या देवाला अपरिहार्य ठरते. बसून पूजा घेणाऱ्या देवाला पादुका पुरतात. राखण करणाऱ्याला वहाणा लागतात.

देवाशी असलेला हा व्यवहार दुतर्फी आहे. दक्षिण कोकणातील देवळांत गाऱ्हाणे घातले जाते, म्हणजे मानकरी देवाला उद्देशून मोठ्याने अडचण सांगतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ अशी साथ देतात. त्याचप्रमाणे कौल लावला जातो, म्हणजे मूर्तीला पाने किंवा कळ्या चिकटवून त्यांपैकी उजवी पडते की डावी, यावरून देवाचा होकार-नकार समजून घेतला जातो. कोणाचा कोणता मान आणि कोणते काम, हे ठरवणाऱ्या परंपरागत नियमांना गावरहाटी म्हणतात. मालवण तालुक्यातील आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तर ठरलेल्या तिथीला नसते. तिचा दिवस दरवर्षी कौल घेऊन ठरतो आणि मग मुंबईत गाड्यांच्या आरक्षणाची धांदल उडते.

ही धांदल समजण्यासाठी गिरणगावाकडे पाहावे लागते. लालबाग-परळच्या कापडगिरण्यांत कोकणातून आलेला कामगार एकटा राही, खाणावळीत जेवे आणि आपल्याच गावच्या माणसांबरोबर एका खोलीत पथारी टाके. गावाच्या नावाने भाड्याने घेतलेली ही सामाईक खोली आणि तिच्या आधाराने उभे राहिलेले ग्रामस्थ मंडळ, हे त्याचे मुंबईतले घर होते. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी येथे जमे, आणि जत्रेला कोण जाणार, कोणाचा नवस फेडायचा राहिला आहे, याचा हिशेबही येथेच होई. पूर्वी हा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने किंवा एसटीने गावी जात असे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर दादरहून सुटणाऱ्या गाडीने सावंतवाडी गाठणे सोपे झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या, चाळींच्या जागी मनोरे आले आणि अनेक कुटुंबे उपनगरांकडे सरकली, तरी मंडळांच्या बैठका चालूच राहिल्या. ज्या वस्तीने तीन पाळ्यांत आयुष्य काढले, तिला सगळे निजल्यावर कामावर निघणारा देव समजावून सांगावा लागला नसेल.

सिंधुदुर्गातील जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. देवळाच्या आवारात खाज्याची दुकाने लागतात. खाजे म्हणजे बेसनाच्या तळलेल्या कांड्यांवर आले घातलेल्या गुळाचा थर चढवून केलेला खाऊ, आणि तो घरी नेल्याशिवाय जत्रा पुरी होत नाही. ओटी भरणे, नवस फेडणे, पालखी हे सारे उरकल्यावर रात्री दशावतार उभा राहतो. त्यात आरंभी गणपती आणि संकासुर येतात, नंतर पौराणिक आख्यान रंगते. संवाद लिहिलेले नसतात, स्त्रीभूमिका पुरुष करतात आणि रंगमंचावरील एकच बाकडे कधी सिंहासन होते, कधी पर्वत. मुंबईत परळच्या दामोदर नाट्यगृहाने ही लोककला आणि कामगार रंगभूमी यांना दीर्घकाळ आसरा दिला. अलीकडे मुंबईच्या मैदानांवर मालवणी जत्रोत्सव भरतात आणि तेथे कोंबडी-वडे, सोलकढी, खाजे आणि दशावतार असे सारे काही मिळते.

वेतोबाच्या वहाणा मात्र या मैदानांवर येत नाहीत, कारण राखणदाराला हद्द लागते आणि ती हद्द आरवलीची आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हॅरिसन हॉट स्प्रिंग्ज या छोट्या गावीही असाच धागा सापडतो. बिगफूटचा उत्तरेकडील भाऊबंद मानला जाणारा सास्क्वॉच तेथील स्टहेलिस या मूळ रहिवाशांच्या दृष्टीने त्या भूमीचा रक्षक आहे. त्याच्या नावाने भरणाऱ्या उत्सवात ते लांब होड्यांच्या शर्यती लावतात आणि आपल्या ध्वजावरही त्याला स्थान देतात. पर्यटकाला जो न सापडलेला प्राणी वाटतो, तो त्या समाजाला आधीपासून ओळखीचा शेजारी आहे.

वेतोबा खरोखर चालतो का, हा प्रश्न विवेकबुद्धीने विचारायलाच हवा, आणि वहाणेचा तळ कशाने झिजतो याची साधी कारणे शोधणेही योग्यच आहे. परंतु जत्रा त्या उत्तरावर उभी नाही. ठशाच्या शोधात निघालेला माणूस रिकाम्या हाताने परतला तर त्याच्याजवळ सांगायला फारसे काही उरत नाही. वहाणांचा जोड घेऊन गेलेल्या कुटुंबाला मात्र कारागिराला माप सांगावे लागते, पैसे बाजूला काढावे लागतात, भाऊबंदांना बोलवावे लागते आणि वर्षभर बंद असलेले गावचे घर उघडून झाडावे लागते. चाळ सुटली, गिरणी मिटली, तरी सुमारे ५०० किलोमीटरवरच्या गावाशी परळकराचे नाते टिकले, ते या कामांमुळे.